भिंत बांधून झाल्यावर : मोबदल्याचा वाद – कथेत आणि कायद्यात

१

'इलियड'च्या एकविसाव्या सर्गात, युद्ध ऐन भरात आलेले असताना, समुद्रदेव पोसायडन अपोलोला एका जुन्या थकबाकीची आठवण करून देतो. झ्यूसच्या आज्ञेवरून या दोघा देवांनी ट्रॉयचा राजा लाओमेडॉन याच्याकडे ठरलेल्या वेतनावर वर्षभर चाकरी केली होती. पोसायडनने नगराची तटबंदी उभारली, अपोलोने राजाची गुरे राखली. वर्ष भरले, वेतन देण्याची वेळ आली, आणि राजाने ते साफ नाकारले. इतकेच नव्हे, तर हातपाय बांधून दूरच्या बेटांवर विकण्याची व कान कापण्याची धमकी देऊन त्याने दोघांना हाकलून लावले. हे सारे घडून गेल्यावरही तू ट्रॉयवासीयांचीच बाजू कशी घेतोस, असा पोसायडनचा अपोलोला प्रश्न आहे.

ज्या तटाभोवती दहा वर्षे युद्ध झाले, त्या तटाचे पैसे मुळात चुकते झालेलेच नव्हते. महाकाव्याच्या विस्तारात हे प्रकरण अवघ्या काही ओळींचे आहे. तथापि काम घेणारा आणि काम देणारा यांच्यातील वादाची संपूर्ण आकृती त्यात सामावलेली आहे. वेतन ठरले होते, मुदत ठरली होती, काम झाले होते आणि त्याचा लाभही मिळत होता. नाकारले गेले ते फक्त देणे. नाकारण्याचे कारणही राजाला द्यावे लागले नाही. तट उभा होता आणि तो तटाच्या आत होता.

कंत्राटदार आणि काम देणारा यांच्यातील करार व मोबदला यांविषयीचे वाद हा सामान्यतः विधिशास्त्राचा विषय मानला जातो. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला तो दोन कारणांनी जवळचा ठरावा. निरनिराळ्या भाषांतील कथांनी हा वाद वारंवार हाताळला आहे, आणि त्यांतील साम्य योगायोगाचे वाटू नये इतके ठळक आहे, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की असा प्रत्येक वाद अखेर एका संहितेच्या वाचनाचा वाद असतो. करारात काय लिहिले होते, काय लिहिलेले नव्हते, आणि न लिहिलेल्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हेच त्यातले प्रश्न असतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे मांडता येईल : काम सुरू होण्यापूर्वी काम देणारा गरजवंत असतो आणि काम पूर्ण होताच काम करणारा गरजवंत होतो. 'गरज सरो, वैद्य मरो' ही मराठी म्हण या पालटाचेच वर्णन करते. पारडे फिरण्याचा हा क्षण कथांनी अचूक ओळखला. कायद्याने त्यावर केलेले जे उपाय परिणामकारक ठरले आहेत, ते सर्व या क्षणाच्या अलीकडे काहीतरी नोंदवून ठेवणारे आहेत, किंवा या क्षणानंतरच्या टाळाटाळीला किंमत लावणारे आहेत.

२

ट्रॉयच्या तटाशेजारी ठेवून पाहावी अशी दुसरी भिंत उत्तर युरोपातील आहे. तेराव्या शतकात आइसलंडमधील स्नोरी स्तुर्लुसोन याने संकलित केलेल्या गद्य 'एड्डा'त देवांच्या नगरीभोवती तट बांधून देणाऱ्या एका अनामिक कारागिराची कथा येते. मोबदला म्हणून तो फ्रेया ही देवी, सूर्य आणि चंद्र मागतो. देव अटी घालतात : काम एका हिवाळ्यात पुरे झाले पाहिजे, कोणा माणसाची मदत घेता कामा नये, आणि उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी काहीही अपुरे राहिल्यास मोबदला मिळणार नाही. कारागीर आपल्या घोड्याची मदत घेण्याची परवानगी तेवढी मिळवतो. उन्हाळ्याला तीन दिवस उरले असताना काम जवळजवळ पूर्ण होते. मग लोकी हा देव घोडीचे रूप घेऊन तो घोडा पळवून नेतो, काम अडते, आणि चिडलेल्या कारागिराला अखेर थोर ठार मारतो. शपथा मोडल्या गेल्याची नोंद कथा स्वतःच करते. ज्यांनी मुदत घातली, त्यांनीच मुदत पाळली जाऊ नये अशी व्यवस्था केली.

हॅमेलिनच्या बासरीवाल्याची कथा ग्रिम बंधूंच्या १८१६ च्या दंतकथासंग्रहात आहे. इंग्रजी वाचकांपर्यंत ती मुख्यतः रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८४२ सालच्या कवितेतून पोहोचली. ब्राउनिंगचा नगराध्यक्ष एक हजार गिल्डरांचे वचन देतो आणि उंदीर नदीत बुडाल्यावर पन्नासावर येतो. त्याचा युक्तिवाद विचारात घेण्यासारखा आहे. मेलेले उंदीर काही पुन्हा जिवंत होणार नाहीत, असे तो सुचवतो; म्हणजेच केलेले काम परत घेता येत नाही. सेवेच्या व्यवहारातील मूळ दुबळेपणा यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे. व्यापारी न विकलेले कापड परत नेऊ शकतो. गवंड्याला रचलेली भिंत, वैद्याला दिलेला उपचार किंवा भाषांतरकाराला सुपूर्द केलेले भाषांतर परत नेता येत नाही.

फारसी परंपरेत हाच वाद ग्रंथकर्तृत्वाच्या क्षेत्रात येतो. बाराव्या शतकातील निजामी अरूजी याच्या 'चहार मकाला' या ग्रंथातील आख्यायिकेनुसार, 'शाहनामा' पूर्ण करून आलेल्या फिर्दौसीला गझनीच्या महमूदाकडून अपेक्षेच्या मानाने अत्यल्प, म्हणजे वीस हजार दिरहम, एवढी रक्कम मिळाली. ती त्याने हमामखान्यातील सेवक आणि पेय विकणारा यांच्यात वाटून टाकली. पुढे पश्चात्ताप झालेल्या सुलतानाने साठ हजार दिनारांची नीळ उंटांवर लादून पाठवली. ते उंट तूस नगराच्या एका वेशीतून आत येत असताना दुसऱ्या वेशीतून कवीची अंत्ययात्रा बाहेर पडत होती. ही कथा इतिहास म्हणून कितपत ग्राह्य, हा प्रश्न वेगळा. तिचे मर्म असे की उशिरा दिलेले देणे आणि न दिलेले देणे यांत काम करणाऱ्याच्या दृष्टीने पुष्कळदा फरक उरत नाही.

'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील याकोब हा या मालिकेतील सर्वांत सावध कामकरी होय. त्याचा सासरा लाबान आपले वेतन दहा वेळा बदलतो अशी त्याची तक्रार आहे. म्हणून तो वेतनाची अशी खूण सुचवतो जी दुसऱ्या कोणाच्या शब्दावर अवलंबून नाही : कळपातील ठिपकेदार आणि पट्टेरी जनावरे आपली, उरलेली मालकाची. कोणीही केव्हाही येऊन पाहावे, रंगावरून हिशेब कळेल. लाबान त्याच दिवशी ठिपकेदार जनावरे बाजूला काढून आपल्या मुलांच्या ताब्यात देतो, हा भाग निराळा. परंतु मोबदल्याचे माप दोघांच्या डोळ्यांसमोर असावे, ही याकोबची सूचना पुढील सर्व करारशास्त्राचे बीज आहे.

या कथांतून तीनच प्रश्न पुनःपुन्हा येतात. काम 'पूर्ण' झाले हे कोणी ठरवायचे? मध्येच काम बदलले किंवा अडवले गेले तर त्याचा भार कोणावर? आणि काम स्वीकारल्यानंतर पैसे न देणाऱ्याला काय होते? तिसऱ्या प्रश्नाचे कथांनी दिलेले उत्तर एकसारखे आहे : शाप. होमरोत्तर परंपरेत ट्रॉयवर साथीचा रोग आणि समुद्रराक्षस येतो. हॅमेलिनची मुले नाहीशी होतात. गझनीच्या सुलतानाच्या वाट्याला अपकीर्ती येते. न्यायालय उपलब्ध नसलेल्या माणसाचा दावा कथेने शापाच्या रूपाने चालवला, असे म्हणता येईल. मात्र शापाची शिक्षा चुकीच्या माणसांना भोगावी लागते, हेही याच कथा दाखवतात. वचन नगराध्यक्षाने मोडले आणि मुले सगळ्या गावाची गेली.

मराठी लोकस्मृतीने या आशयसूत्राला एक वेगळे वळण दिले आहे. रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकर (पाठभेदाने इटळकर) यांच्या नावाचा शिलालेख आहे. पैसा अपुरा पडला तेव्हा हिरोजींनी स्वतःची मालमत्ता विकून गड पुरा केला आणि बक्षीस म्हणून केवळ त्या पायरीवर नाव कोरण्याची अनुज्ञा मागितली, अशी कथा सांगितली जाते. शिलालेख प्रत्यक्ष आहे, कथा लोकपरंपरेतील आहे. तिच्यातील निष्ठेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु न मागणाऱ्याचा गौरव करणाऱ्या संस्कृतीत मागणारा सहजच क्षुद्र ठरतो, आणि हक्काचे देयक मागतानाही माणसाची जीभ अडखळते. कामाचे पैसे ठरवून घ्यायला संकोच वाटणे, हा पुढील अनेक वादांचा उगम असतो.

३

भारतीय शास्त्रपरंपरेने हा संकोच बाळगला नाही. मनुस्मृतीत अठरा व्यवहारपदांची, म्हणजे दाव्याच्या विषयांची, गणना आहे. वेतन न देणे आणि ठरलेल्या संविदेचा भंग करणे ही त्यांतील दोन स्वतंत्र पदे होत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात याहून नेमकी तरतूद आढळते. वेतन न देणाऱ्याला वेतनाच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा सहा पणांचा दंड. वेतन देणे लागतच नाही असे खोटे सांगणाऱ्याला पाचव्या हिश्शाइतका किंवा बारा पणांचा. देणे थकवणे आणि देण्याचे अस्तित्वच नाकारणे हे दोन वेगळे अपराध मानले गेले, आणि दुसरा अधिक गंभीर ठरवला गेला.

वेतन ठरलेलेच नसेल तर काय, या प्रश्नाचे उत्तरही तेथे आहे. शेतात राबणाऱ्याने पिकाचा, गुराख्याने तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या चाकराने विक्रीमालाचा दहावा भाग घ्यावा. बोलणे झाले नव्हते म्हणून काम फुकट ठरत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे.

चौथ्या अधिकरणात कारागिरांची बाजू उलटीकडून तपासलेली आहे. स्थळ, काळ आणि कामाचे स्वरूप ठरवून काम करावे. ठरलेला काळ उलटून गेल्यास वेतनाचा चौथा भाग कापला जाई आणि त्याच्या दुप्पट दंड होई. सांगितलेले सोडून भलतेच केल्यास सर्व वेतन जाई. स्थळकाळ ठरलेच नव्हते अशी सबब सांगणाऱ्या कारागिरांचाही तेथे उल्लेख आहे. कथा बहुधा कामकऱ्याच्या बाजूने उभी राहते. शास्त्राला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. आगाऊ रक्कम घेऊन अदृश्य होणारा, कमी प्रतीचा माल वापरणारा, अर्ध्यावर काम टाकून दर वाढवून मागणारा कंत्राटदार हाही या व्यवहाराचा तितकाच जुना घटक आहे.

मराठी शब्दसंपत्तीवर या परस्पर अविश्वासाचे ठसे उमटलेले दिसतात. करार, ठेका, मक्ता, गुत्ता, कंत्राट, उक्ते काम असे अनेक शब्द वेगवेगळ्या राजवटींतून आणि शेजारच्या भाषांतून मराठीत आले व प्रदेशपरत्वे स्थिरावले. मराठवाड्यातील 'गुत्तेदार' इतरत्र 'ठेकेदार' किंवा 'कंत्राटदार' असतो. यांपैकी 'मक्तेदारी' हा शब्द आता एकाधिकाराचा वाचक झाला आहे आणि 'संस्कृतीचे ठेकेदार' हा वाक्प्रयोग उपहासाखेरीज वापरला जात नाही. म्हणजे काम घेणाऱ्याच्या व्यवसायनामालाच भाषेने संशय चिकटवला. काम देणाऱ्यासाठी असे नाव नाही. त्याच्या कृतीला मात्र एक नेमके क्रियापद आहे – 'बुडवणे'. पैसे बुडतात ते जणू आपोआप, पाण्यात पडल्यासारखे; बुडवणारा शोधावा लागतो.

४

आधुनिक भारतातील अशा वादांचा पाया १८७२ चा भारतीय करार अधिनियम हा होय. वर उल्लेखिलेल्या तीन प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे कथांच्या शेजारी ठेवून वाचली असता त्यांचा रोख अधिक स्पष्ट होतो.

पहिला प्रश्न पूर्णतेचा. एका हिवाळ्यात सगळे किंवा काहीच नाही, ही देवनगरीची अट इंग्रजी कायद्यातही प्रत्यक्षात उतरली होती. १७९३ साली जमैकाहून लिव्हरपूलला निघालेल्या जहाजावरील कटर नावाच्या खलाशाला प्रवास पूर्ण केल्यास तीस गिनी मिळावयाच्या होत्या. सुमारे सात आठवडे काम केल्यावर, जहाज बंदराला लागण्याच्या एकोणीस दिवस आधी, तो मरण पावला. १७९५ साली न्यायालयाने त्याच्या विधवेचा दावा फेटाळला. प्रवास पूर्ण झाला नव्हता, सबब काहीच देणे नव्हते. ठरलेली रक्कम नेहमीच्या वेतनाहून बरीच मोठी असल्यामुळे खलाशाने हा धोका पत्करला होता, असे न्यायालयाने मानले. एकरकमी कराराचा हा धोका टाळण्यासाठीच पुढे टप्प्याटप्प्याने देयके देण्याची पद्धत रुळली. पाया, जोते, छत, गिलावा अशा प्रत्येक टप्प्यावर मोजमाप आणि चुकते पैसे, या पद्धतीत पारडे एकदाच पूर्ण न फिरता थोडे थोडे फिरते, आणि बुडण्याची शक्यता असलेली रक्कम एका टप्प्यापुरती मर्यादित राहते.

दुसरा प्रश्न बदलाचा आणि अडवणुकीचा. लोकीने घोडा पळवला, त्या प्रसंगाला करार अधिनियमाचे कलम ५३ लागू पडते : एका पक्षाने दुसऱ्याला त्याचे वचन पुरे करण्यापासून रोखल्यास, रोखल्या गेलेल्या पक्षाच्या इच्छेनुसार करार शून्यकरणीय होतो आणि त्याला नुकसानभरपाई मागता येते. जागा वेळेवर ताब्यात न देणे, नकाशे अडवून ठेवणे, मंजुरी न देणे आणि नंतर विलंबाचा दंड लावणे, ही या प्रकाराची आजची रूपे होत. कलम ५५ चा एक अंश येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मुदत हा कराराचा गाभा असताना ती टळल्यावरही काम स्वीकारणाऱ्याला विलंबाची भरपाई हवी असेल, तर तसे त्याने स्वीकारतेवेळीच कळवावे लागते. आज मुकाट्याने काम घ्यायचे आणि देयकाच्या वेळी विलंब आठवायचा, हे या कलमाला मान्य नाही. विलंबाचा दंड करारात लिहिलेला असला तरी कलम ७४ नुसार तो कमाल मर्यादा ठरतो. न्यायालय वाजवी तेवढीच रक्कम मंजूर करते.

जादा कामाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 'एवढी एक खोली वाढवा, पैशांचे नंतर बघू' हे वाक्य निम्म्या वादांच्या मुळाशी असते, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. कलम ७० येथे अर्थशास्त्रातील दहाव्या भागाची आठवण करून देते. कोणी कायदेशीरपणे, फुकट करण्याचा उद्देश नसताना, दुसऱ्यासाठी काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई दिली पाहिजे. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या खटल्यात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कंत्राटदाराने शासनासाठी बांधकामे केली होती. शासनाच्या करारासाठी आवश्यक असलेले विहित रूप मात्र पाळले गेले नव्हते. वैध करार नाही म्हणून पैसे नाहीत, हा शासनाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली अमान्य केला. शासनाला ते बांधकाम नाकारता आले असते. स्वीकारून वापरल्यावर मोबदला नाकारता येत नाही.

याउलट, करारात स्पष्ट दर लिहिलेला असेल तर हे कलम मदतीला येत नाही. लष्कराला तूप पुरवणाऱ्या अलोपी परशाद यांच्या पेढीने महायुद्धामुळे परिस्थिती पालटल्याचे सांगून वाढीव मोबदला मागितला. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. जेथे संहिता बोलते तेथे न्यायालय तिच्यावर आपला मजकूर लिहीत नाही. जेथे ती गप्प असते तेथेच न्यायबुद्धीला वाव मिळतो.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे वोल्फगांग इझर यांची संहितेतील रिकाम्या जागांची संकल्पना आठवेल. कलाकृतीतील रिकामी जागा वाचकाला निर्मितीत सहभागी करून घेते. करारातील रिकामी जागा मात्र दोन वाचकांना एकमेकांसमोर उभे करते, आणि ज्याच्या हातात पैसे आहेत त्याचे वाचन निदान काही काळ तरी अंमलात येते. संदिग्ध शब्दाचा अर्थ तो शब्द लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हा अर्थनिर्णयाचा जुना नियम या असमतोलावरचाच उतारा आहे.

५

तिसरा प्रश्न, स्वीकारानंतरच्या टाळाटाळीचा. शापाच्या जागी कायद्याने कालमर्यादा आणि व्याज ही दोन साधने आणली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून वस्तू वा सेवा घेणाऱ्याने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असे मानले जाते. लेखी करारातही देण्याची मुदत स्वीकारापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते. वाद सुविधा परिषदेकडे नेता येतो. परिषदेचा निवाडा आव्हानित करू इच्छिणाऱ्या खरेदीदाराला निवाड्यातील रकमेचा पंचाहत्तर टक्के भाग आधी जमा करावा लागतो. बांधकामाची कंत्राटे या अधिनियमाच्या कक्षेत कितपत येतात आणि उद्योगाची नोंदणी केव्हाची असावी, यांवर न्यायालयांत वाद झाले आहेत. म्हणून नोंदणी करारापूर्वीच करून घेणे शहाणपणाचे ठरते.

पंधरा दिवसांच्या नियमातील तत्त्व व्यापक आहे. मौनाचा अर्थ काय, हे कायद्याने आधीच ठरवून टाकले. हरकत असेल तर ती कामाविषयीची हरकत म्हणून लगेच सांगावी. पैसे मागितल्यावर सुचलेला दोष हा दोष नसून बहुधा सबब असतो. अर्थात खऱ्या दोषासाठी काम देणाऱ्याचे हक्क अबाधित राहतात. त्यासाठीच देयकातून काही रक्कम अनामत राखून ठेवण्याची आणि दोषदायित्वाचा कालावधी ठरवण्याची पद्धत आहे. कापलेली रक्कम कोणत्या दोषापोटी आणि किती, हे लेखी सांगणे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

पारडे फिरल्यानंतरच्या दबावाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'काहीही येणे बाकी नाही' असा दाखला. अंतिम देयक हवे असेल तर आधी या दाखल्यावर सही करा, असे सांगितले जाते. मजुरांची देणी अंगावर असलेला कंत्राटदार सही करतो. ती सही खरी असते, तिच्यावरचा मजकूर खोटा असतो. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असा दाखला दबावाखाली दिला गेल्याचा प्रथमदर्शनी विश्वसनीय आधार असेल, तर वाद संपला असे मानता येत नाही. संहितेचा अर्थ तिच्या निर्मितीच्या परिस्थितीपासून तोडता येत नाही, हा समीक्षेतील परिचित विचार येथे कायद्याच्या भाषेत अवतरला आहे. मात्र नुसता दावा पुरत नाही. सहीच्या आसपास पाठवलेले निषेधाचे पत्र हाच दबावाचा खरा पुरावा ठरतो.

निवाडा कोणी करायचा, हाही करारातलाच मजकूर असतो. शासकीय कंत्राटांत काम देणाऱ्यानेच लवाद नेमावा, अशी कलमे दीर्घकाळ प्रचलित होती. लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ मध्ये २०१५ साली सुधारणा झाली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, सार्वजनिक संस्थांच्या करारांतील एकतर्फी नेमणुकीची अशी कलमे समानतेच्या तत्त्वाला बाधक असल्याचा निर्णय दिला. लाओमेडॉनच्या दरबारात लाओमेडॉनविरुद्ध फिर्याद चालवता येत नाही, एवढे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला.

प्रत्यक्ष वाद हाताळताना काळाचे भान सर्वांत महत्त्वाचे असते. परिसीमा अधिनियम, १९६३ नुसार केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा सामान्यतः तीन वर्षांत करावा लागतो. 'पुढच्या महिन्यात बघू' अशा तोंडी आश्वासनांवर आणि आपण पाठवलेल्या स्मरणपत्रांवर ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी व सहीनिशी देणे कबूल केले, तर मात्र ती त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. म्हणून सभ्य तगादा लावतानाच देणे मान्य असल्याचे लेखी उत्तर मिळवणे, हा या कलेतील पहिला धडा होय. त्यानंतर संयुक्त मोजमाप, मान्य आणि अमान्य रकमांची फोड, मान्य रकमेची तत्काळ मागणी, मग मध्यस्थी आणि अखेरीस लवाद किंवा न्यायालय, असा क्रम हितकर ठरतो. व्यापारी न्यायालयाच्या कक्षेतील दाव्यांत, तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसल्यास, दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. मान्य रक्कम वादग्रस्त रकमेच्या सोबत अडकू न देणे, हे या क्रमाचे मर्म आहे. शंभरातील दहा रुपयांवर मतभेद असताना नव्वद रुपये रोखून धरणारा वाद सोडवत नसतो, समोरच्याला थकवत असतो.

६

हा विषय विटा-सिमेंटापुरता नाही. भाषांतर, संपादन, कोशकार्य, लिप्यंतर ही कामेही ठरावीक मोबदल्यावर बाहेरून करवून घेतली जातात, आणि तेथे मोजमाप पुस्तकासारखी काही सोय सहसा नसते. शब्दसंख्या मूळ संहितेची धरायची की भाषांतराची, हे न ठरल्यामुळे मतभेद होतात. संस्कृतप्रचुर मराठीचे इंग्रजी करताना आणि इंग्रजीचे मराठी करताना हा फरक लहान नसतो. 'समाधानकारक भाषांतर' या शब्दांत समाधान कोणाचे, याचा उल्लेख नसतो. परीक्षकाच्या सूचनेवरून केलेले दुसरे, तिसरे पुनर्लेखन हे जादा काम की मूळ कामाचाच भाग, हे कोणी विचारत नाही, कारण विद्वत्तेच्या व्यवहारात असे विचारणे अशोभनीय समजले जाते. हिरोजींची पायरी येथे सर्वांना ठाऊक असते.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ या ठिकाणी उपयोगी पडतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. येथेही रिकाम्या जागेचा अर्थ कायद्याने आधीच, आणि दुबळ्या पक्षाच्या बाजूने, भरून ठेवला आहे. परंतु मोबदल्याची रक्कम, तिचे हप्ते, स्वीकाराची मुदत आणि पुनर्लेखनाची मर्यादा या चार गोष्टी कोणताही कायदा कोणाच्या वतीने लिहून देत नाही. त्या काम सुरू होण्यापूर्वी, दोन्ही पक्षांना एकमेकांची गरज असताना, लिहाव्या लागतात. तसे लिहिण्यात अविश्वास नाही; उलट स्नेह टिकवण्याची ती एक रीत आहे. याकोब आणि लाबान हे अखेर नातलगच होते, आणि त्यांनाही शेवटी दगडांची रास रचून दोघांमधली सीमा ठरवावी लागली.

ट्रॉयच्या तटाचे वेतन कधीच चुकते झाले नाही. परंपरेनुसार लाओमेडॉनने समुद्रराक्षस मारणाऱ्या हेराक्लिसलाही कबूल केलेले घोडे दिले नाहीत, आणि त्याच्या नगराचा पहिला विध्वंस त्या बुडवलेल्या देण्यापायी झाला. ज्या तटाच्या भरवशावर त्याने देवांना हाकलले, तो तट त्याला वाचवू शकला नाही. कथेला न्याय करण्यासाठी एक नगर पाडावे लागले. तेच काम दोन सह्यांचा एक कागद, एक मोजमाप आणि एक तारीख यांना करता येते; अट एवढीच की ती तारीख भिंत बांधून होण्याच्या आधीची असावी.